चिनी मालिश

घाटंजीतल्या त्या गल्लीत चाळीस वर्षं एकही बाळंतीण इंदुताईंच्या हाताखालून गेल्याशिवाय उठली नव्हती. कंबर धरलेली असो की पाय भरलेले असोत, तिळाचं तेल कोमट करायचं आणि अंगठ्यानं असं रगडायचं की बाळंतिणीला माय आठवली पाहिजे. "कण्हली नाही तर मालिश कायची," असं त्या म्हणायच्या, आणि बायका कण्हता कण्हता हसायच्या.

म्हणून नातीचं दूध दाटलं तेव्हा काय करायचं हे कुणी कुणाला विचारलंच नाही. खुशी पहिलटकरीण, माहेरी आलेली. बाळ नऊ दिवसांचं. बुधवारी तिची उजवी छाती जड झाली, गुरुवारी तिच्यात लिंबाएवढी गाठ आली. इंदुताईंनी तेल तापवलं, पदर खोचला आणि गाठ फोडायचीच अशा इराद्यानं दोनदा रगडली. शुक्रवारी सकाळी गाठ होती तिथंच होती. छाती मात्र लाल, तुकतुकीत, दगडासारखी झाली होती आणि पोरीच्या अंगात ताप भरला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "हे कोणी रगडलं?"

"मीच," खुशी म्हणाली.

इंदुताई भिंतीवरच्या लसीच्या तक्त्याकडे बघत राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. गोळ्या चुकवायच्या नाहीत, बाळाला त्याच अंगाला पाजत राहायचं, आणि पुन्हा जोर लावायचा नाही. उद्या संध्याकाळी परत दाखवायचं. आत पू झाला असेल तर सुई घालून काढावा लागेल.

पाजत राहा, हे सांगणं सोपं होतं. छाती इतकी ताठली होती की बोंड आत ओढलं गेलं होतं. बाळ तोंड लावायचं, घसरायचं, परत लावायचं, आणि मग मुठी आवळून रडायचं. डाव्या अंगाला लावलं की गुपचूप प्यायचं.

दुपारी खुशीच्या आईनं, वर्षानं, दुधाच्या पावडरीचा डबा आणून फळीवर ठेवला. "डावीकडचं देऊन राह्यली ना, वरून हे दे. उजवीकडचं आटू दे. आपला जीव पाहा व बाई."

"डबा फोडू नको आई," खुशी म्हणाली. तापानं तिचे ओठ सुकले होते, पण आवाज नव्हता सुकला. "मले दोन्ही अंगानं पाजायचं आहे. उद्या संध्याकाळलोक तर पाहू दे."

"आत्याबाई, तुम्ही तरी सांगा हिले," वर्षा सासूकडे वळून म्हणाली.

इंदुताई जागच्या उठल्या. त्या कापसाच्या खोलीत गेल्या. यंदाचा कापूस अजून विकला नव्हता, खोली छातीइतकी भरली होती. त्या उंबऱ्यावर बसल्या, आणि त्यांना पन्नास वर्षांमागची आर्णीची ती खोली दिसली. त्यांचंही असंच दूध दाटलं होतं. त्यांच्या सासूनं जुन्या धोतराचा पट्टा काढून छाती करकचून बांधली होती, आठ दिवस. दूध गेलं. बाळ बकरीच्या दुधावर वाढलं, चांगलं धडधाकट वाढलं. तोच खुशीचा बाप. पण शाळेत पोरं त्याला 'बकरीचा' म्हणायची. एकदा त्यानं घरी येऊन विचारलं होतं, "माय, मी तुया नाही का?" पोळ्या करता करता तेव्हा त्यांनी त्याला काय उत्तर दिलं ते त्यांना आज आठवत नव्हतं. प्रश्न मात्र शब्दाला शब्द आठवत होता.

त्या उठल्या. "वर्षा," त्या म्हणाल्या, "धर्मपाल गुरुजीची पोरगी दीपा गल्लीतल्या लग्नासाठी आली म्हणे. तिले बलाव."

दीपा यवतमाळला फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. चीनमध्ये शिकून आलेल्या एका बाईंकडे नागपूरला ती वर्षभर जात होती, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, पण तिथं ती काय शिकली ते कुणाला माहीत नव्हतं. वर्षाच फोनवर बोलली आणि येऊन सांगितलं, "येऊन राह्यली. चिनी मालिश करू म्हणते."

इंदुताईंना हे पटलं. त्यांच्या लहानपणी गळवावर गूळ आणि साबण लावायचे. मग गाठीवर साखर का नाही. त्यांनी पावशेर साखर मिक्सरमधून काढली, चाळली आणि कोमट तेलाच्या वाटीशेजारी ताटलीत मांडून ठेवली.

दीपा आली, हात धुतले, गोळ्या आणि दवाखान्याचा कागद पाहिला, आणि ताटली बघून थांबली. "आजी, हे काय?"

"पिठीसाखर. तूच त म्हटलं चिनी मालिश."

दीपानं तोंडावर हात धरला. खुशीला हसू आवरेना आणि हसल्यानं दुखायला लागलं. "आजी, ही चीनी नाही व. चीन देशातली मालिश."

"चीन?" इंदुताई ताटलीकडे बघत म्हणाल्या. "तिथल्या बायाइले बी दूध दाटते?"

"बायाच आहेत ना त्या बी."

"मंग ठीक आहे. कर."

दीपानं आधी छातीला हातच लावला नाही. खुशीला उशांना टेकवून बसवलं, मानेखाली खांद्याचा जो मांसल भाग असतो तिथं अंगठा ठेवला आणि श्वासासोबत दाबला, सोडला. मग छातीच्या मधोमध हाडावर एका बोटाचा हलका गोल. मग करंगळीच्या नखाच्या कोपऱ्याला चिमटा. खुशीचे वर चढलेले खांदे खाली आले.

"दूध करंगळीत असते का आता?" दारातून किसनराव म्हणाले. इंदुताईंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं आणि ते अंगणात गेले.

नंतर दीपानं बोटांना थेंबभर तेल लावलं आणि सुजेवरून काखेकडे बोटं नेली. इतकी हलकी की इंदुताईंना वाटलं, हिची अजून सुरुवात व्हायची आहे. मग बोंडाभोवती चार बोटं टेकवून तिनं ती आत, छातीकडे हलकी दाबून तशीच धरून ठेवली. थोड्या वेळानं तिथली कातडी जरा मऊ पडली आणि दुधाचे दोन थेंब आले.

"असं दर पाजायच्या आधी करायचं," दीपा म्हणाली. "पाजून झालं की गार ओल्या फडक्याची घडी ठेवायची. मी पाच वाजताच्या गाडीनं चालली, उद्या पेशंट आहेत. आजी, तुम्ही करा."

"बाळंतिणीले गार?" वर्षा म्हणाली.

"गरम करकरूनच त सुजली," इंदुताई म्हणाल्या. नातीनं दवाखान्यात घेतलेला आळ त्यांनी असा सगळ्यांसमोर स्वतःकडे घेतला. "मीच रगडली तिले. दाखव व दीपे, परत दाखव."

पण हात ऐकेना. दीपानं आधी स्वतःच्या दंडावर करायला लावलं. पहिल्या खेपेला ती म्हणाली, "जोर आहे." दुसऱ्या खेपेला, "आजी, अजून जोरच आहे." तिसऱ्या खेपेला तिनं नुसता दंड चोळला. इंदुताईंचे अंगठे चाळीस वर्षं एकच गोष्ट शिकले होते.

"कातडी सरकली पाहिजे, मांस नाही," दीपा म्हणाली. "जसं..." आणि तिला उपमा सापडेना.

इंदुताई आपल्या हातांकडे बघत होत्या. "मांड्यासारखं," त्या हळूच म्हणाल्या.

लग्नाकार्यात मांडे इंदुताईंनीच करायचे. सैल पिठाचा गोळा हातावर घ्यायचा, या मनगटावरून त्या मनगटावर झेलायचा. ओढला की फाटतो. तो आपल्या वजनानं पसरतो, हातानं फक्त वाट द्यायची. चुलीवरच्या उपड्या मडक्यावर पडेपर्यंत त्याला बोट रुतू द्यायचं नाही. त्या हाताला जोर माहीतच नव्हता, आणि तोही त्यांचाच हात होता.

त्यांनी अंगठे मिटून तळव्यात घेतले आणि नुसत्या बोटांनी दीपाच्या दंडावरून हात नेला.

"हो," दीपा म्हणाली. "आता खुशीले करा."

पाच वाजता दीपा गेली. सहाला इंदुताईंनी केलं, आठला केलं, निजायच्या आधी केलं. दर वेळी बाळ तोंड लावायचं आणि घसरायचं. दर वेळी खुशी वाटीत हातानं चार थेंब काढायची, चमच्यानं त्याला पाजायची, आणि डाव्या अंगाला घ्यायची. गोळी, गार घडी, पुन्हा पहिल्यापासून. सकाळी ताप उतरला, पण गाठ होतीच. वर्षा डब्याकडे बघायची आणि फडकं पिळून आणून द्यायची.

"अंगठा येऊन राह्यला आजी," दहा वाजता खुशी म्हणाली.

"आला का?" इंदुताईंनी वर्षाकडून जुन्या लुगड्याची चिंधी मागितली आणि दोन्ही अंगठे तळव्याला बांधून घेतले. "आता कुठं जाते पाहतो."

दुपारी तीनच्या सुमाराला, बोटं बोंडाभोवती टेकवलेली असताना, दूध थेंबानं नाही, धारेनं आलं आणि इंदुताईंच्या चष्म्यावर उडालं. "घे, घे, लाव त्याले," त्या म्हणाल्या. खुशीनं बाळाला काखेखालून धरलं, जसं दीपानं दाखवलं होतं. ते घसरलं. पुन्हा लावलं. तोंड भरून आलं, जबडा हलला, थांबला, आणि मग त्याच्या गळ्यातून तो बारीक, ओला आवाज यायला लागला. घोट, घोट, श्वास, घोट.

खुशी दात आवळून बसली होती. दुखतच होतं. "चालू दे," ती बाळाला म्हणाली, "चालू दे तुयं."

किसनराव बाहेरून विचारत होते, की दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावू का.

"बलावजा, पण थांबाले सांगा," इंदुताई म्हणाल्या. "दाखवाले त जायचंच आहे. पण पोट भरल्याबिगर कोणी हलणार नाही."