सगळ्यांचे बाबा

ल्यूथरन मिशनच्या अनाथाश्रमात एक अजब नियम होता, आणि तो खुद्द मोठ्या साहेबांनीच घातला होता. आश्रमातली सगळी पोरं त्यांना बाबा म्हणत. त्यांच्या पोटच्या मुलीनं मात्र चारचौघांत साहेब म्हणायचं. ती बाबा म्हणाली की त्यात हक्क ऐकू येतो आणि पोरकी पोरं हिरमुसतात, असं त्यांचं म्हणणं. विचार थोर होता. थोरांच्या विचारांचा भुर्दंड बहुतेक वेळा घरच्यांनाच पडतो.

चारचौघांत म्हणजे सदासर्वकाळ. घराचं दार कधी बंद नसे, जेवायला कोणी ना कोणी असेच. आई होती तोवर मुलगी तिच्यापाशी कुरकुर करायची. आई गेली आणि तीही सोय संपली. साहेबांनी शाळा काढल्या, दवाखाना उभारला. चर्चच्या मंडळीत त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. मुलगी त्याच दवाखान्यात नर्स झाली, साऱ्या पोरांची ताई झाली आणि साहेबांना साहेबच म्हणत राहिली. जिभेला वळणच तसं पडलं होतं.

आता साहेब अंथरुणाला खिळले होते, आठवण पार विस्कटली होती. आश्रमात वाढलेली माणसं येत, ‘बाबा, बाबा’ करत हात धरून बसत. ताई त्यांचं शौचाचं भांडं धुऊन आणी आणि दाराशी उभी राही. जाण्यापूर्वी त्यांनी एकदा आपल्याला लेक म्हणून ओळखावं, एवढंच तिला हवं होतं. मागणं काही फार नव्हतं.

एका दुपारी खोलीत दोघंच होती. ती त्यांची दाढी करत होती. साहेब तिच्याकडे टक लावून पाहू लागले, तसा तिचा हात थबकला.

“तू नवीन आलीस का गं?”

“नाही साहेब, मी...”

“घाबरू नकोस. तुझं कोण आहे, बाळ?”

खरं ते अगदी ओठांवर आलं होतं. पण इतक्या मायेनं त्यांनी तिला उभ्या जन्मात काही विचारलं नव्हतं. तिला भडभडून आलं.

“कोणी नाही,” ती म्हणाली.

साहेबांनी हात तिच्या पिकल्या केसांवर ठेवला. “असं म्हणू नये. मी आहे ना? मला बाबा म्हण.”

तिनं म्हटलं. साबणाचा फेस त्यांच्या गालावर तसाच सुकून गेला.

दुसऱ्या दिवशी ते सगळं विसरले होते. ताईनं दार लोटून घेतलं, खुर्ची जवळ ओढली आणि त्यांनी विचारायची वाट पाहत बसली.

“तुझं कोण आहे, बाळ?”

“कोणी नाही,” ती म्हणाली.