वय विचारू नका, बाळ बसवून बघा

साहेब, तुम्ही बाळ न बघता सही केलीत. माझ्या खोक्यावर काय छापायचं, तो कागद मंजुरीसाठी तुमच्यापुढे आला तेव्हा तुमच्या खोलीत पंखा होता, चहा होता, शिक्का होता. बाळ नव्हतं. असतं तर ‘वय’ एवढ्या ठळक अक्षरांत आणि ‘उंची’ मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापायला तुम्ही हो म्हटलं नसतं.

मित्रांनो, घाबरू नका, माझा राग तुमच्यावर नाही. मी एक जुनी कार-सीट आहे. लहान बाळाला गाडीत पट्टे लावून बसवतात ना, ती. रंग राखाडी, उजव्या कडेला बिस्किटाचा न निघणारा डाग. मला गोड बोलता येत नाही. चार वर्षं बाळाचं रडणं कानाशी ऐकलं की बोलणं असंच होतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आधी टणक प्लॅस्टिकचं कवच, मग फोम, मग कापड, शेवटी पट्टे आणि कुलूप. माझ्या एका बहिणीत बाहुलं बसवलं आणि तिला रुळावरून जोरात नेऊन अडथळ्यावर आदळलं. ती परीक्षा हवीच, माझी तक्रार नाही. पण ते बाहुलं कधी झोपलं नाही. त्याची मान कधी लवंडली नाही. दर वेळी त्याची उंची होती तेवढीच. आणि मित्रांनो, बाळ गाडीत बसलं की पहिलं काम काय करतं? झोपतं.

कारखान्यातून मी ठाण्यातल्या एका दुकानात आले. दुकानदार श्रीपादशेठ माणूस वाईट नव्हते. पण माझं कवच इतरांपेक्षा चार बोटं उंच, म्हणून त्यांनी मला मागच्या फळीवर ढकललं. गिऱ्हाइकासमोर म्हणायचे, “ही जरा लांबलचकच आहे.” आठ महिने मी धूळ खात पडले होते. पुढच्या गुलाबी, छोट्या, गुबगुबीत सीटा पटापट जात होत्या.

मग एका रविवारी कोपरीतलं एक कोळ्याचं कुटुंब आलं. प्रणित, सहा फुटांच्या वर, दुकानाच्या दारात वाकून शिरला. त्याची बायको हेमाली. त्याचे वडील दामाजी, ज्यांचा जन्म खाडीत होडी चालवण्यात गेला. आणि जनाबाई, त्याची आई, सकाळच्या बाजारात मासळी विकणारी. तिच्या कमरेवर नात होती, संचिता. वय नऊ महिने. पाय मात्र आजीच्या गुडघ्याला लागत होते.

“किती महिन्यांची?” श्रीपादशेठनी पहिला प्रश्न विचारला.

“नऊ,” प्रणित म्हणाला.

“मग ही घ्या.” शेठनी गुलाबी सीट पुढे केली. “खोक्यावरच लिहिलंय.”

“अहो, पण ती उंच आहे,” हेमाली म्हणाली.

“उंची किती?”

जनाबाईने नातीच्या डोक्यावर पदर ओढला. “मोजायचं नाय. पोराला मोजलं की वाढ खुंटते.”

“खुंटू दे की, आये,” प्रणित म्हणाला. “दारात डोकं तरी आपटणार नाही.”

“तुला मोजला नव्हता, म्हणून एवढा झालास.”

हेमालीच्या पर्समध्ये लसीकरणाचं कार्ड होतं. त्यावर डॉक्टरांनी संचिताची उंची लिहिली होती. तिचा हात पर्सच्या चेनवर गेला, सासूकडे बघून तिथेच थांबला. मला फळीवरून सगळं दिसत होतं.

दामाजी पुढे झाले. ते म्हणाले, “शेट, जालं घेताना आम्ही म्हावऱ्याचं वय नाय विचारत. अंग बघतो. पोरीला बसवून बघा.”

साहेब, ऐकलंत? दहावीही न झालेला माणूस.

संचिताला गुलाबी सीटमध्ये बसवलं. तिचं डोकं कवचाच्या कडेला जाऊन टेकलं, अंड्याच्या पेल्यातून अंडं वर यावं तसं. शेठनी मान हलवली, स्टूल घेतलं आणि मला खाली काढलं. माझ्यात बसवल्यावर तिच्या डोक्याच्या वर चार बोटं जागा उरली. पट्टे बरोबर खांद्याशी आले. मी पाठ टेकून मागे कलते, खाचा बदलून कमी-जास्त करता येतं, ते शेठनी दाखवलं. आणि बाळ गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवायचं, हेही बजावलं.

“पाय दुमडतात गो तिचे,” जनाबाई म्हणाली. “उलटी बसवायची, पाय दुमडायचे. पोरीनं काय चोरी केली?”

“पाय दुमडले तर काही होत नाही, आजी. मान सांभाळायची.”

संचिताने दुमडलेल्या पायाचा अंगठा तोंडात घातला. माझी निवड झाली.

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगते. हेमाली कल्याणला रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. तिची रजा संपत आली होती. पुढच्या सोमवारी तिला हजर व्हायचं होतं. लॅबच्या शेजारी पाळणाघर होतं आणि प्रणितचं कामही तिकडेच, म्हणजे तिघांनी रोज गाडीने जायचं, यायचं. घरी बाळाला ठेवावं तर जनाबाई दुपारपर्यंत बाजारात. दामाजींचे हात थरथरायचे, नात उचलून घ्यायला ते स्वतःच घाबरायचे. मांडीवर घेऊन जायचं तर त्याची चव त्यांनी चाखली होती. महिन्यापूर्वी शिळफाट्याजवळ पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला, तेव्हा संचिता हेमालीच्या हातातून साबणासारखी निसटली. हेमालीने कोपर पुढे घातलं म्हणून बाळ वाचलं. कोपरावरचा व्रण अजून आहे.

म्हणजे मी चालले तर ठीक. नाही तर दोन बायकांपैकी एकीचं काम सुटणार होतं.

आणि मी चालले नाही.

प्रणितने मला घरासमोरच्या गल्लीत गाडीत बसवलं. कोपरीतली त्यांची ती गल्ली खाडीकडे उतरते आणि गाडी कायम खाडीकडे तोंड करून उभी असते. माझ्या कुशीवर एक लाल रेघ आहे. ती जमिनीला समांतर आली की बाळ हवं तेवढं कललेलं असतं. प्रणितने मोबाईलवरची पाणसळ, म्हणजे लेव्हल बघायचं अ‍ॅप, काढलं, रेघेला लावली, खाच बदलली, पुन्हा लावली. “एकदम झिरो,” तो म्हणाला. पुस्तिकेत लिहिलं होतं की रेघ गाडी सपाट जागी असताना बघायची. पण पुस्तिका इंग्रजीत, अक्षर पुन्हा तेच मुंगीच्या पायाचं, आणि ते वाक्य अगदी शेवटच्या पानावर. साहेब, त्या पानावरही तुमचाच शिक्का आहे ना?

त्यात जनाबाईने प्रेमाने भर घातली. संचिताची राईची उशी होती, जन्मल्यापासूनची, डोकं गोल व्हावं म्हणून. ती तिने माझ्यात, पोरीच्या डोक्यामागे खोचली. “एवढी टणक आहे ती, पोरीला मऊ नको का काही?”

गुरुवारी त्यांनी कल्याणपर्यंत जाऊन बघायचं ठरवलं. गल्लीतून वर आलो, सपाट रस्ता लागला आणि मी ताठ झाले. उतारावर गाडीचं नाक खाली होतं आणि माझी पाठ त्याच बाजूला, म्हणून मी भरपूर कललेली दिसत होते. सपाटीवर ते कलणं निम्मं गेलं. कळवा नाका मागे पडला तशी संचिता झोपली. तिची मान पुढे आली. मागून उशी ढकलत होती, खालून मी सरळ उभी. हनुवटी छातीला टेकली आणि तिच्या घशातून घरघर सुरू झाली.

मित्रांनो, मला हात असते तर मी ती मान उचलली असती. वस्तूला सगळं कळतं आणि काहीच करता येत नाही.

“प्रणित, गाडी थांबव.” हेमालीचा आवाज मोठा नव्हता. तिने पट्टे सोडले, लेकीला खांद्यावर घेतलं. घरघर थांबली. बाळ डोळे उघडून इकडे तिकडे बघू लागलं. परत निघायच्या आधी तिने एकदा उशीशिवाय बसवून बघितलं, तरी झोपेत मान पुढे आलीच. मग ती वाटभर एका हाताने लेकीचं कपाळ मागे धरून बसली.

घरी आल्यावर ती म्हणाली, “मी मॅडमना कळवते. नाही येत म्हणून.”

“घाई कसली? सीट बदलून आणू,” प्रणित म्हणाला.

“आणि तीही अशीच निघाली तर? रोज दोन तास मी हिची मान धरून बसू?”

जनाबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “तू नको सोडू. मीच बाजार सोडते. माझं काय, म्हातारी झाले.”

“आई, पंचवीस वर्षांची जागा आहे तुमची ती. तुम्ही उठलात की दुसऱ्या दिवशी कोणीतरी बसेल तिथे.”

दोघी एकमेकींकडे न बघता भाजी निवडत बसल्या. दोघींनाही आपलं काम सोडायचं नव्हतं, आणि दोघी दुसरीला म्हणत होत्या, तू नको.

शुक्रवार-शनिवार मी गल्लीत गाडीतच होते. रविवारी सकाळी हेमालीने फोन हातात घेतला आणि चहा संपला की करते म्हणाली. दामाजी गाडीपाशी आले. प्रणित गाडी पुसत होता, दार उघडं होतं. त्यांनी थरथरता अंगठा माझ्या लाल रेघेवरून फिरवला.

“ही कसली रे?”

“लेव्हलची, बाबा. मी मोबाईलनं लावलेली. परफेक्ट आहे.”

“लावलीस कुठं?”

“इथंच की.”

दामाजी हसले. खूप दिवसांनी हसले असावेत, कारण जनाबाई बाहेर आली. “होडीला पाणरेघ असते, म्हायत हाय ना? होडी किती बुडली ते तिच्यावरून कळतं. मग होडी उतारावर ओढून ठेवून कोण पाणरेघ बघतं? आधी पाण्यात सोडायची.”

प्रणित गल्लीकडे बघत राहिला. मग खाडीकडे. मग त्याने कपाळावर हात मारला.

गाडी शाळेसमोरच्या पटांगणात नेली. तिथे जमीन सपाट, पोरं क्रिकेट खेळत होती. प्रणितने मोबाईल पुन्हा रेघेला लावला आणि आकडा बापाला दाखवला. “साला, एवढी उभी होती ही?” त्याने पट्टा ढिला केला, मला उचललं, दोन खाचा मागे कलवलं, गुडघा रोवून पट्टा पुन्हा आवळला. आता रेघ खऱ्या जमिनीशी जुळली. मला इतकं बरं वाटलं, सांगता येत नाही. पाठ टेकल्यासारखं.

संचिताला बसवलं. जनाबाईने सवयीने उशी खोचली. डोकं पुढे आलं. तिने उशी काढली. डोकं मागे टेकलं. पुन्हा खोचली, पुन्हा काढली. मासळीचा ताजेपणा बघणाऱ्या बाईला दोनदा बघायला पुरे होतं. “डोकं गोल झालं तेवढं झालं,” ती म्हणाली आणि उशी स्वतःच्या पिशवीत टाकली. “आता मान राहू दे.”

मग कल्याण ओलांडून विठ्ठलवाडीपर्यंत गेलो आणि परत आलो. संचिता ऐरोलीचा फाटा येण्याआधीच झोपली. जनाबाई शेजारी बसली होती. जाताना पूर्ण वाट तिने नातीच्या नाकाखाली बोट धरलं होतं. हनुवटी वर, ओठ उघडे, श्वास मोकळा. येताना मुंब्र्याच्या पुढे जनाबाईचं बोट खाली आलं. ती स्वतःच झोपली होती.

हेमालीने मॅडमना फोन केला. “उद्या येते,” एवढंच म्हणाली.

पुढची वर्षं मी कामाची काढली. दर महिन्याला जनाबाई संचिताच्या डोक्यावर आणि माझ्या कडेच्या मध्ये दोन बोटं ठेवून बघायची, जागा आहे का. “आये, हे मोजणंच झालं ना?” प्रणित चिडवायचा. “गप रे. मोजते कुठे, हात फिरवते,” ती म्हणायची. दोन बोटांची जागा संपली त्या दिवशी तिनेच सांगितलं, पोरगी हिच्यात मावत नाही.

मग मी माळ्यावर गेले. सात महिने माझ्या मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी होती. विसरतात माणसं, मी मनाला लावून घेतलं नाही. म्हणजे थोडं घेतलं.

गेल्या महिन्यात हेमालीच्या लॅबमधल्या ऐश्वर्याने विठ्ठलवाडीहून तिला फोन केला, आपल्या बाळासाठी, आर्यनसाठी. “ताई, ती सीट किती महिन्यांच्या बाळाला चालते?”

हेमालीने मला खाली काढलं. माझ्या बुडावरची मुदतीची तारीख वाचली, अजून अडीच वर्षं होती. मी कधी अपघातात सापडले नव्हते, हेही तिने आठवून बघितलं. कापड धुऊन उन्हात टाकलं. मग फोनवर म्हणाली, “महिने राहू दे. आर्यनला घेऊन ये. आणि गाडीही आण. बाबा पटांगणात बसवून देतील.”

आता दामाजी तेच करतात. गल्लीत कोणाच्या घरी नवी सीट आली की रविवारी गाडी पटांगणात, आणि म्हाताऱ्याचा अंगठा रेघेवर. हात थरथरतात, रेघ बरोबर लागते.

मित्रांनो, तुमच्या घरात बाळ असेल तर मोठ्यांना एवढंच सांगा. दुकानात बाळाला घेऊन जा. बसवून बघा. झोपल्यावर मान कुठे जाते ते बघा. उशी घरी ठेवा. आणि माझ्यासारखीची मुदत संपली की पट्टे कापून टाका, म्हणजे कोणी भोळेपणाने आमच्यात दुसरं बाळ बसवणार नाही. आम्हाला वाईट वाटत नाही.

माझ्या खोक्यावरच्या ‘वय’ या शब्दावर हेमालीने कागद चिकटवलाय. त्यावर तिने पेनाने लिहिलंय, “बाळ बसवून बघा.” साहेब, तुमचा शिक्का त्याच्या खाली आहे. आर्यन आत्ता माझ्यात झोपलाय, मान मागे टेकून, आणि उंच मुली अजून दुकानात येतायत. म्हणून विचारते. त्या दिवशी तुम्ही सही केलीत, तेव्हा तुमच्यासमोर कुठलं बाळ बसलं होतं? त्याचं नाव सांगा.