डावखुरा पंखा

कुमासीच्या गॅरेजवस्तीत द्वोमो मिस्त्रीने भंगारातल्या गाडीची मोटर काढून बॅटरीवरचा पंखा बनवला. भात विकणाऱ्या अफ्रिये मावशीने तो चालू केला आणि कपाळाला हात लावला.

"मेल्या, हा तर डावीकडे फिरतो! गिऱ्हाइकाला डाव्या हाताने वारा वाढू? त्यापेक्षा सरळ शिव्याच घालते की!"

"वाऱ्याला कसला आलाय हात, मावशी?" द्वोमो वैतागला. पण मावशी हटेना. शेवटी त्याने बॅटरीच्या दोन वायरींची अदलाबदल केली. पंखा उजवीकडे फिरायला लागला खरा, पण वारा जाऊ लागला मागे, भिंतीकडे.

"मग आता सगळे मागेच बसा!" द्वोमो खेकसला.

मावशीला ते पटलं. तिने पंखा पुढे ओढला, बाकडी, पातेली, गिऱ्हाइकं, सगळं त्याच्यामागे नेलं, ऐटीत बसली, पंख्याकडे पाहिलं आणि किंचाळली, "अरे, इकडून हा पुन्हा डावखुराच!"

द्वोमोने एक पुठ्ठा उचलला. "हा घे, आणि घाल उजव्या हाताने वारा!" म्हणत त्याने तो तिच्यापुढे धरला.

डाव्या हाताने.