लाल शेपट्यांचा हिशेब

भोईवाड्यातल्या चाळीच्या चौकात सकाळी सातला ही गर्दी! वीस पिंजरे, वीस उंदीर आणि मधोमध भगव्या जाकिटातले मूषकनाथ महाराज. मारायचं नाव नाही, बाप्पाचं वाहन ते! महाराज प्रत्येकाच्या कानात मंत्र फुंकत आणि चाळीमागच्या गटाराशी त्याला सोडून देत.

"सांगितलंय त्याला! आता परत फिरायचा नाही!"

"बारा दिवसांत दोनशे चाळीस गेले!" कमिटीचे सेक्रेटरी जयवंतराव फळ्यावर आकडा लिहीत ओरडले. मग महाराज त्या दिवशी जेवणाची पाळी असलेल्या घरी बांगडा खायला गेले. दोनशे चाळीस जाऊनही पिंजरे रोज भरतात कसे, हे विचारणं अर्थातच पाप.

लतिकाबाई शाळेत जीवशास्त्र शिकवत. हे पाप त्यांनी कधीच केलं असतं, पण चाळीत राहायचं होतं. मात्र तळमजल्यावरच्या मासेवाल्या मंजुळेचं तोंड त्यांना बघवेना. तिच्या सहा महिन्यांच्या नातवाचा अंगठा उंदराने कुरतडला होता. वर महाराजांची आज्ञा: एकवीस दिवस बिळं बुजवू नका, पालिकेला बोलावू नका, मंत्राला जायला वाट लागते.

"बाई, एवडे गेले तर माज्या पोराच्या उशाशी कोन नाचतंय?"

"तेच मोजू या."

दुसऱ्या सकाळी लतिकाबाईंनी हात जोडले. "महाराज, निघालेल्या वाहनांना टिळा लावायची सेवा द्या ना."

महाराज विरघळले. बाईंनी हातमोजे चढवले आणि जाळीबाहेर लोंबणाऱ्या वीस शेपट्यांना लाल नेलपॉलिश फासलं. कुंकू पुसलं गेलं असतं.

तिसऱ्या सकाळी पिंजऱ्यांत वीस उंदीर. पंधरांच्या शेपट्या लालभडक.

महाराजांनी हात उंचावले. "भक्तहो, निरोप घ्यायला आलेत!"

"निरोप घेतात की माजा सुका बोंबील खातात?" मंजुळा कडाडली. "पिंजऱ्यात लावायला रोज मीच देतंय ना!"

लतिकाबाईंनी खडू उचलला. "काल वीस जणांना खूण केली. आज पकडलेल्यांत दर चारांमागे तीन खुणेचे. म्हणजे ते वीस एकूण उंदरांच्या पाऊण हिश्श्याएवढे. एकूण झाले सत्तावीसच्या आसपास. रानातले उंदीर असेच मोजतात. हा अंदाज आहे, आकाशवाणी नव्हे. बोंबलाला चटावलेले पुन्हापुन्हा येतात, पिंजऱ्याला बिचकणारे येतच नाहीत, तेव्हा थोडे जास्तच धरा. पण शेकडो? जयवंतराव, तुम्ही त्याच उंदरांची रोज नव्याने हजेरी घेतलीत!"

"महाराज म्हणाले, मी लिहिलं..." जयवंतराव पुटपुटले आणि स्वतःच फळा पुसून पालिकेला फोन लावायला गेले.

संध्याकाळपर्यंत काचा घातलेल्या सिमेंटने बिळं बुजली. उंदरांच्या भीतीने मधे ओढलेलं पोराचं अंथरूण मंजुळेने पुन्हा भिंतीशी घातलं.

मंडळी, कुणी चमत्काराचा आकडा ऐकवला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: मोजला कसा?

आणि महाराज? त्या दिवशी बांगड्यालाही थांबले नाहीत. चाळ कायमची सोडून गेलेला तेवढा एकच.