सातवी खुर्ची

नगरपालिकेच्या सभागृहात तेरा खुर्च्या होत्या आणि सभा चालायला त्यातल्या किमान सात भरलेल्या लागत. निवडून तेराजण आले होते खरे, पण त्यातल्या सहाजणांनी अध्यक्षांशी वाकडं धरलं होतं. 'बघू कसा गाडा हाकता ते,' असं म्हणून ते सभेच्या दिवशी समोरच्या चहाच्या दुकानात ठाण मांडून बसत आणि कोरम कधी मोडतो याची वाट पाहत. उरले बरोबर सात. त्यातली सातवी म्हणजे शिलाईवाली बाई.

त्यामुळे बाईला आजारी पडायची सोय उरली नव्हती. ताप असला तर गोळी घेऊन यायचं, गिऱ्हाईक दारात उभं असलं तर त्याला तसंच उभं ठेवून यायचं. एकदा तिला शिंकांवर शिंका यायला लागल्या, तर अध्यक्षांनी स्वतः उठून पंखा बंद केला. एवढी काळजी तिच्या माहेरीही कुणी घेतली नव्हती. तिला मात्र दावणीला बांधल्यासारखं वाटायचं. दावणीच्या जनावराला निदान चारा तरी मिळतो, इथे मिळायचा तो थंडगार चहा.

ही खुर्ची तिने मागितली नव्हती. ती तिच्या सासऱ्यांची. त्यांनी या सभागृहात उभी हयात काढली आणि गावाने त्यांना नाव ठेवलं नियमबुवा. 'नियम म्हणजे नियम' हे ते इतक्या वेळा म्हणत, की समोरच्याने तोंड उघडण्याआधीच ते ऐकू यायचं. मग त्यांचा मुलगा गेला, म्हणजे बाईचा नवरा. पाठोपाठ त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि दोन्ही पाय गेले. पक्षाच्या मंडळींनी बाईच्या मागे लकडा लावून तिला त्यांच्या जागी उभं केलं.

मूलबाळ नव्हतं. भाऊ म्हणाला, "आता कशाला राहतेस तिथं? चल घरी." ती गेली नाही. का गेली नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "मशिन जड आहे, हलवायचं कुणी?" खरी गोष्ट अशी होती, की म्हातारबुवा तिला आवडायचे. तोंडाने फटकळ, चहात साखर कमी पडली तरी भाषण ठोकणारे. पण मुलगा गेल्यापासून त्यांनी तिला 'सूनबाई' म्हणणं सोडलं होतं. 'पोरी' म्हणायचे.

घराला पाच उंच पायऱ्या होत्या, त्या थेट गल्लीत उतरायच्या. चाकाची खुर्ची आली, पण ती उंबऱ्यापर्यंतच. एकदा चौघांनी उचलून खाली नेलं, तर "मी काय सिमेंटचं पोतं आहे?" म्हणून कडाडले आणि पुन्हा कुणाला हात लावू दिला नाही. उरली खिडकी. खिडकीतून दिसायची समोरची भिंत आणि विजेचा खांब. सुरुवातीला ते येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून भांडायचे. मग नुसते बघायला लागले. मग तेही सोडलं आणि खिडकीकडे पाठ करून बसू लागले. भांडणाऱ्या माणसाने भांडण सोडलं की घर कसं खायला उठतं, ते बाईला तेव्हा कळलं.

उपाय सोपा होता. पायऱ्यांच्या बाजूने सिमेंटचा उतार बांधायचा. त्याला गल्लीची हातभर जागा लागणार होती, आणि गल्ली पडली पालिकेची. म्हणजे अर्ज, म्हणजे सभा, म्हणजे ठराव. आणि अर्जदार सदस्याच्या घरचा असेल, तर त्या सदस्याने बाहेर जाऊन दारापलीकडच्या बाकावर बसायचं, असा नियम होता. बाई बाहेर गेली की आत सहा उरत. कोरम मोडला, विषय तहकूब, पुढच्या महिन्यात बघू. ती आत असेतोवर विषय घेता येत नव्हता, आणि बाहेर गेली की घ्यायला सभाच उरत नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर. तिच्यापायी बाकीची कामं अडू नयेत म्हणून तिचा विषय नेहमी शेवटी ठेवत. दर महिन्याला ती सगळ्या गावाच्या नाल्यांना आणि दिव्यांना हात वर करायची आणि शेवटी स्वतः जाऊन बाकावर बसायची.

आणि हा नियम कुणी केला होता? नियमबुवांनी. कुणा सदस्याने स्वतःच्या मेव्हण्याला कंत्राट दिलं, तेव्हा हट्टाने करून घेतला होता. "करावं तसं भरावं," असं लोक बाईच्या पाठीमागे म्हणत, आणि काही तोंडावरही.

एका सभेच्या आदल्या दिवशी अध्यक्षांनी तिला पालिकेच्या फाटकाशी गाठलं. अध्यक्षांचं टायरचं दुकान होतं आणि बोलणंही हवा भरल्यासारखं.

"बाई, तो नियम नीट वाचलाय का तुम्ही? मी तुम्हाला विचारायचं, अर्जदार तुमचे कोण? तुम्ही जे सांगाल ते खरं धरायचं. पुरावा मागायचा नाही, हरकत घ्यायची नाही. तुमच्या सासऱ्यांनीच तसं घालून ठेवलंय."

ते बाईला ठाऊक होतं. कागदावर माणूस काहीही खोटं लिहील, पण भर सभेत चारचौघांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायला त्याची जीभ रेटणार नाही, असा नियमबुवांचा माणसावर भरवसा होता.

"मग?" तिने विचारलं.

"मग काय! कोणी नाही, म्हणायचं. दोन शब्द. आणि खोटं तरी कुठं आहे? तुमचे मिस्टर गेले. आता नातं उरलंय कुठं?"

गेल्याच महिन्यात बाईने त्यांच्या सदऱ्याचा गळा सैल करून दिला होता. आवळायला हवा होता, असं तिला वाटलं.

घरी येऊन तिने ते सासऱ्यांना सांगितलं, ते मुद्दाम. ऐकून ते भडकतील, अध्यक्षांच्या सात पिढ्या काढतील, घरात पूर्वीसारखा आवाज घुमेल, एवढीच तिची आशा होती. पण ते खालच्या आवाजात म्हणाले, "म्हण."

"काय?"

"कोणी नाही, म्हण." त्यांनी मान वर केली नाही. "मला गल्लीच्या टोकापर्यंत जायचंय गं पोरी. लांब नाही कुठं, टोकापर्यंत. टोकाशी काय होतं, तेच आठवेनासं झालंय मला."

बाई मशिनपाशी जाऊन बसली. सुईत दोरा होता, कापड पुढ्यात होतं, पण पाय काही हलेना. जन्मभर ज्या माणसाने चहाच्या कपाएवढीही सवलत घेतली नाही, त्याला खिडकीने इतकं वाकवलं होतं. तिला त्या पाच पायऱ्यांचा असा संताप आला, की जमलं असतं तर तिने त्या दातांनी फोडल्या असत्या.

सभा नेहमीसारखी झाली. नाला तुंबला होता, तो उपसायचं ठरलं. मोकाट कुत्र्यांवर बराच खल झाला आणि कुत्री होती तिथेच राहिली. वाचनालयाच्या खुर्च्यांना चाकं बसवावीत की नाही, यावर दोघेजण हमरीतुमरीवर आले. मग शेवटचा विषय आला. शिपाई सवयीने दाराशी गेला आणि त्याने दार उघडून धरलं.

"सदस्यांना विचारण्यात येतं," अध्यक्ष म्हणाले, "अर्जदार आपले कोण?"

सगळ्यांना सगळं माहीत होतं. कुणी नखं बघत होतं, कुणी छत.

"कोणी नाही," बाई म्हणाली.

चिटणीसाने ते लिहून घेतलं. शिपायाने दार लावलं. ठराव एकमताने मंजूर झाला, आणि अध्यक्षांनी तिचं अभिनंदनही केलं. थंडगार चहा तसाच ठेवून ती उठली.

गवंड्याने काम झटपट उरकलं. उतार वाळला, टणक झाला, गल्लीतली पोरं त्यावरून सायकली सोडू लागली. पण सासरे काही उतरेनात. आणि दुसरंच एक सुरू झालं.

"बाई, जरा पाणी देता का?" त्यांनी एका सकाळी विचारलं.

तिला वाटलं, दारात कुणी गिऱ्हाईक आलंय. "मामंजी, हे काय?"

"सभागृहात बोललेला शब्द खरा धरायचा असतो. मीच केलाय नियम."

"पण तुम्हीच म्हणालात ना, म्हण म्हणून!"

"म्हणालो. तोंड माझं काळं झालंय, तुमचं नव्हे." त्यांनी पेला घेतला. "पण परक्या बाईला पोरी कसं म्हणू? सांगा."

टोचून बोलणारे असते तर तिने भांडून घेतलं असतं. ते टोचत नव्हते. ते खरोखर शरमले होते, आणि त्या शरमेला धरायला त्यांच्याकडे नियमाखेरीज दुसरी काठी नव्हती. 'घेता का', 'देता का', 'बसा', 'आभारी आहे'. दोघंच माणसं घरात, आणि दोन पाहुणे एकमेकांकडे राहायला आल्यासारखं वागणं. आधी एकटे म्हातारबुवा कोंडले होते, आता दोघंही कोंडली.

पुढच्या सभेच्या दिवशी ते म्हणाले, "मला सभेला न्याल का? आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतात. ते ऐकायचंय."

तिने त्यांना उतारावरून खाली आणलं. दोन वर्षांनी त्यांच्या चाकांना गल्ली लागली. ती थांबली, त्यांनी बघावं म्हणून. त्यांनी हनुवटी छातीला लावून डोळे मिटून घेतले होते. गल्लीचं टोक आलं आणि मागे पडलं, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

सभागृहात लोकांसाठी भिंतीकडेला जागा होती. तिथे बसून ऐकायला परवानगी होती, बोलायला नाही. हाही त्यांचाच नियम. बाई सातव्या खुर्चीत बसली. चिटणीसाने वाचायला सुरुवात केली. नाला, कुत्री, खुर्च्यांची चाकं. मग तोच कोरडा आवाज म्हणाला, "अर्जदार आपले कोणी नाहीत, असे सदस्यांनी सांगितले. ठराव एकमताने मंजूर."

"कुणाची काही दुरुस्ती?" अध्यक्ष म्हणाले. "नसेल तर इतिवृत्त कायम—"

बाईने भिंतीकडे बघितलं. सासरे तिच्याकडे बघत होते. काही मागत नव्हते, नुसते बघत होते. तिचा हात वर गेला.

"दुरुस्ती आहे."

"बाई, खाली बसा."

"बसलेलीच आहे मी. दोन वर्षं बसलेलीच आहे." तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "मी खोटं बोलले. लिहून घ्या. ते माझे सासरे आहेत. नवरा गेला तरी आहेत. त्यांच्या पंगतीला जेवते, त्यांची बोलणी खाते. बाप असं लिहिलंत तरी माझी हरकत नाही."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावरची हवाच गेली. "अहो, याचा अर्थ कळतो का तुम्हाला? मंजुरी रद्द करावी लागेल. उतार पाडावा लागेल!"

"पाडा," ती म्हणाली. पुन्हा पायऱ्या, पुन्हा खिडकी. आपण हे काय करून बसलो?

चिटणीसाने घसा खाकरला. "मंजुरी रद्द करायची तर नवा ठराव लागेल. मतदान लागेल. आणि विषय बाईंच्या घरचा असल्यामुळे," त्याने चष्मा पुसला, "त्यांना बाहेर जावं लागेल."

शिपायाने दार उघडलं. बाई उठली, बाहेर गेली आणि बाकावर बसली.

"सहा," आतून चिटणीसाचा आवाज आला. "कोरम नाही. विषय तहकूब."

"मग पुढच्या महिन्यात घेऊ!"

"पुढच्या महिन्यातही बाई बाहेरच जातील, साहेब."

"आणि ते चहावाले सहाजण आले तर?"

"ते आले तर तुमची सभा नीट चालेल. मग इतके दिवस चहा प्यायले कशाला?"

तेवढ्यात आत भिंतीकडून एक आवाज आला. बाईला आधी वाटलं, ठसका लागला. ती दाराशी धावली. सासरे हसत होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि सगळं अंग हलवत ते हसत होते, आणि अध्यक्ष मेजावर हातोडी आपटून श्रोत्यांना शांत राहायला सांगत होते.

शिपायाने त्यांची खुर्ची ढकलत बाहेर आणली आणि बाकाशी लावली. आतून हाक आलीच, "बाई, आत या, पुढचा विषय नाल्याचा आहे!"

ती उठेना. तिने पदराने त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"तुम्हाला हे आधीच सुचलं होतं?"

"छे. नियमातलं हे भोक मलाही माहीत नव्हतं." त्यांनी तिचा हात धरून ठेवला. "येताना मी काही बघितलं नाही. कोणी नसलेल्या बाईच्या हाताने बाहेर पडून काय बघायचं होतं? जाताना टोकाशी थांब जरा, पोरी."

"लगेच जाऊ या."

"लगेच कशी? तू उठलीस तर नाला कोण उपसणार? जा, बस. मी थांबतो."

ती आत गेली आणि सातव्या खुर्चीत बसली. आणखी किती महिने बसावं लागणार होतं, कुणास ठाऊक. शिपायाने त्या दिवशी दार लावलं नाही. नाल्याचं वाचन सुरू झालं, आणि उघड्या दारातून तिला त्यांच्या खुर्चीचं एक चाक दिसत राहिलं.