एकेरीवर आलेली गाडी

गिअरबॉक्स खाली उतरवलेला होता आणि गाडी लिफ्टवर चाकं लोंबकळत ठेवून उभी होती. मेकॅनिकने तेलकट फडक्यावरचं जड, गोल फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून हलवलं. अर्धं हललं, अर्धं जागचं ढिम्म. आतून खडखड आवाज आला. निदान लेकीला तरी आला. लाँड्रीकाकूंना फक्त मेकॅनिकचे ओठ हलताना दिसले.

"काय म्हणतोय हा?"

"म्हणतोय, म्हातारपणाने नाही गेलं," लेक त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली. "कुणीतरी गळा दाबून मारलंय."

काकूंच्या कपाळाला आठी पडली. पर्समधून त्यांनी कानातली मशीनं काढली आणि तिथल्या तिथे चढवली. गाडीत ती वाऱ्याचा नुसता घोंघाट करायची, म्हणून त्या ती पर्समध्येच ठेवत. लाँड्री बंद होऊन जमाना झाला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. हॉस्पिटलच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल भरलेली व्हॅन उभी हयात त्यांनीच चालवली होती. नवरा इस्त्रीजवळ आणि काकू स्टिअरिंगवर, अशी वाटणी.

"आता मला सांग. कुणी दाबला गळा?"

मेकॅनिक अवघडला. "तसं नाही हो काकू. यात दोन तबकड्या असतात, मध्ये स्प्रिंगा. इंजिनचे हिसके त्या स्प्रिंगा गिळतात, म्हणून गाडी लोण्यासारखी चालते. पण चढावर, हळू वेगात, वरच्याच गिअरमध्ये रेटली तर गिळून गिळून किती गिळतील? इंजिन तेव्हा ओरडत असतं. ऐकून आपण गिअर खाली आणतो..."

पुढचं लेक बोलली. "आई, तुला ते ओरडणं ऐकूच येत नाही."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. चढावरच्या बंगलीत काकूंची थोरली बहीण राहायची. गुडघे गेलेले, दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायला राजी नाही. दर आठवड्याला काकू तिला खाली तळ्यापर्यंत फिरवून आणत. तेवढंच तिचं बाहेरचं जग. गाडी सुटली की ते सुटलं.

"विकून टाकू या," लेक म्हणाली. "मोठ्या मावशीला मी आणेन."

"तू मागच्या वर्षीही आणणार होतीस."

मेकॅनिकने मध्ये तोंड घातलं. "तशीच नवी दुहेरी टाकतो ना. आवाज नाही, थरथर नाही."

"आणि मी तशीच चालवली तर?"

"तर हीसुद्धा जाईल," तो खरं बोलला.

"दुहेरी म्हणालास. म्हणजे एकेरीपण असते?"

"असते. एकच अखंड लोखंड, बिघडायला आत काही नाही. पण तुम्हाला नाही चालणार काकू. सगळी थरथर पेडलमध्ये येते, गिअरच्या दांड्यात येते. उभ्या गाडीत डब्यात खडे हलवल्यासारखं वाजतं. लोक बसवून घेतात आणि आठवड्यात शिव्या घालत परत येतात. माझ्या व्हॅनला आहे, म्हणून माझी बायको त्यात बसत नाही."

"किल्ली दे."

"कसली?"

"व्हॅनची. तू शेजारी बस."

"आई!" लेक म्हणाली, पण काकू निघाल्याही होत्या.

गॅरेजमागचा रस्ता रिकामा होता आणि पुढे गोदामांच्या बाजूला चढत जात होता. काकूंनी मशीनं काढून पर्समध्ये टाकली आणि व्हॅन सुरू केली. कानाला काही कळलं नाही. पण तळपायाला मुंग्या आल्यासारखं झालं, दांडा तळहातात गुरगुरला, आणि त्यांना एकदम सासूबाई आठवल्या.

त्यांना गाडी शिकवली ती सासूबाईंनी. नवऱ्याला आरडाओरड्याशिवाय शिकवता येत नव्हतं, म्हणून सासूबाईंनी त्याला खाली उतरवलं आणि पदर खोचून स्वतः शेजारी बसल्या. "चपला काढ," म्हणाल्या. "याच्या बडबडीकडे लक्ष देऊ नकोस, गाडीच्या बोलण्याकडे दे. ती पायाशी बोलते." धुतलेल्या चादरींचा ओला वास, पत्र्याची व्हॅन आणि अनवाणी टाचेला कळणारं इंजिन. त्या व्हॅनचा वेगाचा काटा कधी चाललाच नाही, आणि कधी कुणाचं अडलंही नाही.

काकूंनी चपला काढल्या.

चढ सुरू झाला. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दमायला लागली तशी टाचेखालची थरथर जाड झाली, धापा टाकल्यासारखी तुटक झाली. काकूंनी दुसरा टाकला. थरथर बारीक, सलग झाली. वरून वळवून आणली, पुन्हा नेली. प्रत्येक वेळी मेकॅनिक सांगायला तोंड उघडायचा आणि दांडा हललेला असायचा.

गॅरेजच्या दारात लेक हाताची घडी घालून उभी होती. काकूंनी मशीनं पुन्हा कानात घातली.

"एकेरी टाक," त्या मेकॅनिकला म्हणाल्या.

"काकू, क्लच प्लेटही वेगळी घ्यावी लागेल. आणि सिग्नलला उभ्या राहिलात की तो आवाज..."

"मला कुठे ऐकू येतोय?"

"मला येईल ना!" लेक म्हणाली. "मी बसते त्या गाडीत."

"तू कापूस घाल." मग काकूंचा आवाज खाली आला. "हे बघ. ती तबकडी मीच मारली, कबूल आहे. पण ती गाडी माझ्याशी फार आदराने वागत होती. काकूंना त्रास नको, काकूंना कळायला नको, सगळं आपलं आतल्या आत. तुम्हीही सगळे तसेच वागता हल्ली. मला आता एकेरीवर आलेली गाडी पाहिजे. दमली तर तोंडावर सांगणारी."

मेकॅनिक हसू दाबत फ्लायव्हील पुसत बसला. लेकीला हसू आलं नाही.

"ठीक आहे. मी शेजारी बसेन. मशीनं कानातच राहतील, काचा बंद ठेवायच्या. हॉर्न ऐकू यायला पाहिजे. आणि मोठ्या मावशीकडे पोचेपर्यंत एकदा जरी मला 'गिअर' म्हणावं लागलं, तर किल्ली माझी."

"कायमची?"

"कायमची."

"चालेल," काकू म्हणाल्या. दुसऱ्याच कुणाच्या किल्लीचा सौदा चालल्यासारख्या.

गाडी तयार झाली त्या दिवशी सिग्नलला सगळा डॅशबोर्ड दात वाजवत होता. शेजारच्या स्कूटरवाल्याने वाकून आत पाहिलं. लेक कानात बोटं घालून बसली होती. काकूंनी चपला सीटखाली सारल्या होत्या.

चढाच्या शेवटच्या वळणावर विटांनी भरलेला ट्रक पुढे आला आणि जवळजवळ थांबलाच. मागून कुणीतरी हॉर्न मारला. काकूंनी आरशात पाहिलं, हात वर करून त्याला थांबवलं. गाडी जड व्हायला लागली. लेकीने श्वास घेतला, जीभ टाळ्याला लावली, "गि..." इतकं आलंही असतं. पण त्याआधीच काकूंचा पाय क्लचवर गेला, दांडा मागे आला, गाडी ट्रकमागे शांतपणे चढत राहिली.

"काही म्हणालीस?"

"नाही."

बहीण काठी टेकवत फाटकाशी उभी होती. "आज केवढा आवाज करतेय गं ही!" ती तिथूनच ओरडली.

काकूंनी इंजिन चालूच ठेवलं. लेक खाली उतरली. किल्लीसाठी तिने हात पुढे केला नाही. मावशीला धरून पुढच्या सीटवर बसवलं, काठी आत घेतली, आणि स्वतः मागचं दार उघडून बसली.

"चल आई," ती म्हणाली. "तळ्याकडे."