सतरा नंबरच्या मेंदूचं चित्र

मी सतरा नंबर बोलतोय. जातीनं माकड, वयानं म्हातारा, आणि खरं सांगायचं तर बसून बसून कंटाळलोय.

आमची प्रयोगशाळा जपानात, शिझुओकाच्या चहामळ्यांपलीकडे. तिथंच जन्मलो, तिथंच खुर्चीत बसायला शिकलो. डोकं पट्ट्यात, हात मोकळे, भोवती एक मोठं गोल यंत्र. इतर ठिकाणी माकडाला भूल देऊन त्याच्या मेंदूची चित्रं काढतात. आमच्या इनागाकी डॉक्टरांना जागं माकड लागतं, कारण भुलीत मेंदू खोटं बोलतो असं त्यांचं म्हणणं. म्हणून तास-दीड तास न हलता बसायचं. माणसांना पाच मिनिटंसुद्धा जमत नाही, लगेच खिसे चाचपायला लागतात.

मला हे शिकवलं शिमोदाबाईंनी. पिंजरे धुणं, खाणं घालणं हे त्यांचं काम. "नीट बस रे बाबा, मलाही घरदार आहे," म्हणत त्या एकेक मनुका हातावर ठेवायच्या. सकाळी रेडिओवर कवायत लागली की रबरी बूट घालून माझ्या पिंजऱ्यासमोर हात वर-खाली करायच्या. त्यांचं बघून मीही करायचो.

मग मला आजार दिला. 'दिला' असंच म्हणतो, कारण तो आपणहून आला नव्हता. माणसांना पार्किन्सन होतो, म्हणजे कंपवात. त्यावर उपाय शोधायचा म्हणून माझ्या मेंदूच्या डाव्या बाजूला विष सोडलं. डोपामिन नावाचा रस तयार करणाऱ्या तिथल्या पेशी मेल्या आणि माझा उजवा हात लाकूड झाला. एक मनुका उचलेपर्यंत बाईंचा चहा गार व्हायचा. मला राग यायचा, आजही येतो.

त्या चित्रांचं मात्र सगळं उलटं असतं. डोपामिन झेलायला मेंदूत वाट्या मांडल्यात असं समजा. चित्रासाठी मला टोचलेलं औषध रिकाम्या वाट्यांत जाऊन बसतं आणि चित्रात उजळ दिसतं. माझी आजारी बाजू उपाशी, तिथल्या वाट्या रिकाम्या, त्यात उपासानं आणखी वाढलेल्या. त्यामुळे तीच बाजू लखलखायची. पाहुणे म्हणायचे, "वा, ही बाजू किती छान आहे!" डॉक्टर बिचारे कपाळाला हात लावायचे.

पुढे डॉक्टरांनी त्या बाजूला नव्या पेशी लावल्या, वाफ्यात रोपं लावावीत तशा. वर्ष गेलं. एका सकाळी कवायतीत माझा उजवा हात खांद्यापर्यंत गेला.

"डॉक्टर, हात उचलला हो यानं!" बाई ओरडतच गेल्या.

"बाई, तुम्हाला दिसतं ते माझ्या चित्रात दिसू दे. नव्या पेशींनी रस सोडला तर वाट्या भरतील आणि ती बाजू अंधुक होईल. अजून तसूभरही फरक नाही."

"कसा असेल? याला खुर्चीत डांबता आणि भिंतीकडे बघायला लावता. जिवाला जरा बरं वाटायला काही नको का?"

"तुम्ही दिसलात की हा पाघळतो. मग माझं चित्र बिघडतं. तुम्ही आपल्या बाहेरच बऱ्या."

त्या हिवाळ्यात बाई निवृत्त झाल्या. आमच्याकडे नोकरी सोडणारा माणूस शेवटच्या दिवशी मिठाईचा डबा घेऊन खोलीखोलीत जातो आणि वाकून सगळ्यांचे आभार मानतो. एखादी खोली राहिली तर फार वाईट दिसतं. नेमकं त्या दिवशी माझं औषध बिघडलं. ते वीस मिनिटांत निम्मं विरून जातं, साठवता येत नाही. पुन्हा तयार करण्यात तास गेला. बाईंना वाटलं, एव्हाना सगळं आटोपलं असेल.

मी अर्ध्यावर होतो. दार उघडलं. काळा कोट, हातात डबा, पायांत ते रबरी बूट नाहीत. "इतकी वर्षं सांभाळून घेतलंत," म्हणत बाई वाकल्या, आणि मान वर करतात तो समोर मी.

"अगं बाई! अजून चाललंय होय?" मग हळूच म्हणाल्या, "सतरा, येते हं मी." आणि पळाल्या.

त्यांना बघून मला काय वाटलं ते मला सांगता येणार नाही, पण चित्रानं सांगितलं.

डॉक्टर आधी खूप चिडले. मग आकडे बघत राहिले. दार उघडल्यापासून माझी निरोगी बाजू अंधुक होत गेली होती, आणि तिच्यामागून आजारी बाजूही. जीव सुखावला की मेंदूत हाच रस सुटतो, आणि नव्या पेशींनीही तो सोडला होता. डॉक्टरांनी तिथूनच बाईंना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी बाई संत्री घेऊन हजर. "मी म्हटलं नव्हतं? माझं कोण ऐकतंय! आता बरा होणार ना हा?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, पेशी काम करतात एवढं चित्रावरून कळलं. त्या किती जगल्या, कुठवर पसरल्या, ते मेंदू कापूनच बघावं लागतं. तसं ठरलेलंच होतं. त्याशिवाय माणसांवर उपचार करू देणार नाहीत."

"आणि मी आत आलेच नसते तर?"

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. "तर अजून वर्षभर वाट बघणार होतो."

बाईंच्या हातात अर्धं सोललेलं संत्रं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं, माणसापुढे वाकावं तशा माझ्यापुढे वाकल्या आणि निघून गेल्या. त्यानंतर आल्या नाहीत.

उद्या सकाळी माझी पाळी आहे. डॉक्टर आज दोनदा पिंजऱ्याशी येऊन नुसतेच उभे राहिले. नवा माणूस वेळेवर खायला देतो, तक्रार नाही. मरायची हौस मला नाही, पण थकलोय एवढं खरं. जिवाला लागलंय ते वेगळंच. बाई घरी बसून स्वतःला दोष देत असतील.

त्या कुणाला भेटल्या तर माझा निरोप द्या. बाई, त्या खुर्चीत माझी शेकड्यांनी चित्रं काढली, पण आनंदात असताना काढलेलं तेवढं एकच. दार उघडलंत ते बरं केलंत. उद्या जमलं तर पिंजऱ्यातून मला न्यायला तुम्हीच या.